दाविदचा कुंचला आणि जेरिकोचा तराफा

परिवर्तनवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत युरोपीय चित्रकलेला सहसा जागा मिळत नाही. मिळालीच तर ती एका सुटसुटीत सूत्रात उरकली जाते. अठरावे शतक प्रबोधनाचे आणि बुद्धिवादाचे, म्हणून त्याची रेखीव, संयमी, ग्रीक-रोमन वळणाची नवअभिजात कला पुरोगामी. त्यामागून आलेला स्वच्छंदतावाद भावनेचा, अहंतेचा, भग्न मठांचा आणि चांदण्याचा, म्हणून तो प्रतिगामी. सूत्र सोपे आहे, पाठ करण्यास सोयीचे आहे आणि जवळजवळ सर्वस्वी चुकीचे आहे.

ही चूक केवळ कलेतिहासापुरती असती तर ती पंडितांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण या सूत्राच्या पोटात एक राजकीय अपेक्षा दडलेली आहे. कलावंताने योग्य विचारसरणी पत्करली, तिला शोभेशी शैली उचलली आणि चळवळीने नेमून दिलेले विषय रंगवले की त्याची कला आपोआप जनतेची होते, ही ती अपेक्षा. युरोपच्या इतिहासात एका फार मोठ्या चित्रकाराने ती तंतोतंत पुरी करून दाखवली. त्याचे नाव झाक-लुई दाविद. त्याच्या कर्तृत्वाचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्याखेरीज कलावंतांकडून काही मागण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाने सांगू नये.

प्रबोधनयुगाचे ऋण मात्र आधी मान्य केले पाहिजे. फ्रान्सच्या राजाश्रित कला अकादमीचे प्रदर्शन १७३७ पासून पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातील मोठ्या दालनात नियमाने भरू लागले. प्रवेश विनामूल्य होता. दरबाऱ्यांच्या शेजारी दुकानदार, कारकून, मोलकरणी उभ्या राहून चित्रे पाहू लागल्या आणि, अकादमीला जे मुळीच रुचले नाही, त्यांच्याविषयी मतेही देऊ लागल्या. चित्राचा न्याय करणारी 'जनता' नावाची वस्तू या गर्दीतून जन्माला आली. दनी दिदेरोने १७५९ पासून या प्रदर्शनांची परीक्षणे लिहिली. बूशेच्या गुलाबी, गुबगुबीत देवतांवर त्याने कोरडे ओढले आणि ग्रझने रंगवलेल्या सामान्य कुटुंबांतील सुखदुःखांची तरफदारी केली. विनोद असा की ही परीक्षणे छापली जात नव्हती. हस्तलिखित पत्रिकेतून ती युरोपातील मोजक्या राजेरजवाड्यांकडे जात. लोकाभिमुख कलेचा कैवार रशियाच्या सम्राज्ञीसाठी लिहिला जात होता!

दिदेरोचे खरे लोकशाही कार्य दुसरीकडे आहे. सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. त्याच्या विश्वकोशाला १७६२ ते १७७२ या काळात चित्रफलकांचे अकरा खंड जोडले गेले. टाचणी कशी करतात, काच कशी फुगवतात, कागद कसा गाळतात, हे त्यांत अवजारांसकट दाखवले आहे. हाताने राबणाऱ्याच्या कामाला इतक्या आदराने यापूर्वी क्वचितच कोणी चितारले असेल. तथापि या फलकांतील कारखाने विलक्षण स्वच्छ आहेत. कामगाराचे हात अचूक आहेत, पण त्याला घाम येत नाही, खोकला होत नाही आणि चेहरा तर बहुधा नसतोच. श्रमाची प्रक्रिया बुद्धीने जाणली. श्रमिकाची अवस्था तिच्या नजरेतून सुटली. प्रबोधनाचे मोठेपण आणि त्याचे आंधळेपण एकाच फलकावर शेजारी शेजारी कोरले गेले आहे.

दाविद याच वातावरणात वाढला. 'होराती बंधूंची शपथ' हे त्याचे चित्र १७८५ च्या प्रदर्शनात आले तेव्हा खळबळ उडाली. तीन रोमन भाऊ बापाच्या हातातील तलवारींकडे बाहू रोखून रोमसाठी मरण्याची शपथ घेत आहेत. उजव्या कोपऱ्यात घरातल्या स्त्रिया शोकाने गळून बसल्या आहेत. रेषा तलवारीसारख्या सरळ, पार्श्वभूमी रिकामी, कुठेही अलंकार नाही. क्रांतीनंतर या चित्राला गणराज्याची भविष्यवाणी ठरवण्यात आले. वस्तुतः ते सोळाव्या लुईच्या सरकारनेच मागवलेले होते. प्रजेला नीती आणि देशभक्ती शिकवावी हा खात्याचा हेतू होता. चार वर्षांनी तेच चित्र राजाविरुद्ध वाचले जाऊ लागले. चित्रातली एक रेषाही बदललेली नव्हती. बदलले होते ते पाहणारे.

१७८९ नंतर दाविद नुसता सहानुभूतिदार राहिला नाही. तो जॅकोबिन क्लबात गेला, १७९२ मध्ये नॅशनल कन्व्हेन्शनवर निवडून आला, राजाच्या देहदंडाच्या बाजूने त्याने मत दिले. सर्वसाधारण सुरक्षा समितीचा सभासद या नात्याने अटकेच्या हुकमांवर त्याच्या सह्या आहेत. राजाश्रित अकादमी १७९३ मध्ये बरखास्त झाली ती मुख्यतः त्याच्याच आग्रहाने. आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला लूव्रचे दरवाजे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून उघडले गेले. क्रांतीचे उत्सव, मिरवणुका, हुतात्म्यांच्या अंत्ययात्रा यांची आखणी तो करी. याच कन्व्हेन्शनमध्ये टॉमस पेन बसत होता. जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास ज्याचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचला तोच हा पेन. राजाला मारू नका, हद्दपार करा, असे त्याने सभागृहाला सांगितले होते. दाविद ज्या समितीवर होता तिच्याच हुकमाने डिसेंबर १७९३ मध्ये पेनला तुरुंगात टाकण्यात आले. या दोन नावांपैकी पुण्यापर्यंत कोणते पोचले, याची नोंद करून पुढे जाणे बरे.

अशा माणसाने चित्रे कशी काढली? 'मारातचा मृत्यू' हे त्याचे १७९३ चे चित्र थोर आहे, यात शंका नाही. १३ जुलैला शार्लोत कोर्देने मारातला त्याच्या स्नानाच्या टबात भोसकले. त्वचेच्या विकारामुळे तो तासन् तास टबात बसून लिहीत असे. दाविदने वरचा निम्मा कॅनव्हास रिकाम्या अंधारासाठी सोडला. खाली गळून पडलेला हात, त्यात लेखणी. टबाशेजारी साधे लाकडी खोके, त्यावर पाच मुलांच्या विधवा आईला पैसे द्यावेत अशी चिठ्ठी आणि एक नोट. त्वचेचे व्रण पुसले आहेत, मारेकरीण चौकटीबाहेर आहे. खोक्यावर चित्रकाराने मित्राला अर्पण केल्याची अक्षरे आहेत. आणि हे सर्व पाहणाऱ्याला आठवण होते ती कोणाची? क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताची. ज्या क्रांतीने देवळांना टाळी ठोकली, तिच्या बुद्धिवादी चित्रकाराने आपल्या हुतात्म्यासाठी देहाची ठेवण चर्चच्या भिंतीवरून उचलली. बुद्धी एका बाजूला आणि भावना दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करणाऱ्यांनी या एका चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे.

पण हे चित्र जिवंत आहे याचे कारण निराळे आहे. दाविद मारातला ओळखत होता. हा शोक त्याला कोणी नेमून दिलेला नव्हता. जेथे नेमून दिले तेथे काय झाले हे 'टेनिस कोर्टावरील शपथ' या प्रकल्पात दिसते. २० जून १७८९ रोजी लोकप्रतिनिधींनी संविधान दिल्याखेरीज न पांगण्याची शपथ घेतली, तिचे भव्य चित्र जॅकोबिनांच्या पुढाकाराने, वर्गणी गोळा करून करायचे ठरले. दाविदने १७९१ मध्ये आरेखन मांडले. परंतु चित्र पुढे सरकेना, कारण चित्रातले वीर एकामागून एक देशद्रोही ठरत गेले. मिराबोचे राजाशी असलेले गुप्त संधान उघडकीस आले. बार्नाव्ह गिलोटीनवर गेला. आरेखनाच्या मध्यभागी टेबलावर उभा राहून शपथ वाचणारा बायी, त्याचेही मस्तक नोव्हेंबर १७९३ मध्ये उडवण्यात आले. तो प्रचंड कॅनव्हास अपुराच राहिला. त्यावर नग्न देहांच्या रेघा आहेत आणि त्यांतल्या काही थोड्यांनाच चेहरे आहेत. पक्षाच्या ताज्या ठरावाप्रमाणे इतिहास रंगवायचा म्हटले की चेहरे शेवटी भरावे लागतात, आणि तेही पेन्सिलीने.

रोबेस्पिएरच्या पतनाच्या आदल्या संध्याकाळी दाविदने त्याला सांगितले होते की, तू विषाचा प्याला घेतलास तर मीही घेईन. दुसऱ्या दिवशी तो सभागृहात आला नाही. प्रकृती बरी नव्हती. मग तुरुंग, मग सुटका आणि काही वर्षांत बोनापार्ट. १८०४ मध्ये तो सम्राटाचा प्रथम चित्रकार झाला. राज्यारोहणाच्या जवळजवळ दहा मीटर लांबीच्या चित्रात त्याने सम्राटाच्या आईला मध्यभागी बसवले. ती बाई समारंभाला आलेलीच नव्हती. पोपचा हातही सम्राटाच्या इच्छेवरून आशीर्वादासाठी उचलला गेला. कुंचला तोच, रेषा तीच, रोमचे पोवाडे तेच. नवअभिजात शैलीने राजाची चाकरी केली, गणराज्याची केली, साम्राज्याची केली, आणि तिन्ही वेळा ती तितकीच निर्दोष होती. १८१६ मध्ये राजहत्येला मत दिलेल्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. दाविद ब्रुसेल्सला गेला आणि १८२५ मध्ये तेथेच वारला. त्याचा देहही फ्रान्सने परत घेतला नाही. त्याला संधिसाधू म्हणून निकालात काढणे सोपे आहे. अधिक खरे असे की, सत्तेच्या केंद्रापासून दूर उभे राहून पाहण्याची त्याच्या डोळ्यांना सवयच उरली नव्हती.

स्पेनमध्ये फ्रान्सिस्को गोया हा दाविदचा जवळजवळ समवयस्क. तोही दरबारी चित्रकार, तोही प्रबोधनाच्या विचारांच्या मित्रमंडळींत वावरणारा. १७९९ मध्ये त्याने 'काप्रिचोस' ही ऐंशी कोरीव चित्रांची मालिका माद्रिदमधील अत्तरे आणि मद्य विकणाऱ्या एका दुकानात विक्रीस ठेवली. त्या गल्लीचे नाव 'मोहभंग' असे होते, हा योगायोग. पाद्री, सरदार, सोयरिकी जुळवणाऱ्या म्हाताऱ्या, गाढवांचा भार वाहणारी माणसे, असे सगळे त्यात आले. आणि थोड्याच दिवसांत ती मालिका विक्रीतून काढून घेण्यात आली. त्यातला त्रेचाळिसावा फलक जगप्रसिद्ध आहे: मेजावर डोके टेकून झोपलेला माणूस आणि मागून झेपावणारी घुबडे-वटवाघळे. बुद्धी झोपली की राक्षस जन्मतात, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ लावतात. पण मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ झोप असाही होतो आणि स्वप्न असाही. दुसऱ्या अर्थाने पाहिले तर राक्षस बुद्धीच्याच स्वप्नातून बाहेर पडतात.

नऊ वर्षांनी हा दुसरा अर्थ माद्रिदच्या रस्त्यावर उतरला. मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या देशाच्या फौजा इन्क्विझिशनच्या देशात सुधारणा घेऊन आल्या, पण संगिनीच्या टोकावर. २ मे १८०८ रोजी माद्रिद उठले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पकडलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गोयाने ते चित्र १८१४ मध्ये रंगवले. पांढऱ्या सदऱ्यातला एक मजूर हात पसरून गुडघ्यांवर आहे; जमिनीवर कंदील; समोर पाठमोऱ्या सैनिकांची एकसारखी रांग. होराती बंधूंचे ते रोखलेले हात येथे बंदुका होऊन परत आले आहेत. आणि या वेळी चेहरा आहे तो मरणाऱ्याला, मारणाऱ्यांना नाही. त्याच सुमारास कोरलेली 'युद्धाचे अनर्थ' ही मालिका गोयाच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. तो १८२८ मध्ये बोर्दोला परागंदा अवस्थेत वारला आणि मालिका निघाली १८६३ मध्ये. तिच्यात फ्रेंच सैनिकांची क्रूरता आहे तशी स्पॅनिश शेतकऱ्यांचीही आहे. आपल्या बाजूच्या माणसांनी केलेली कत्तल पाहण्याचे हे धैर्य फार थोड्या पक्षांना झेपले आहे.

आता तेओदोर जेरिको. याच्याजवळ पुरोगामीपणाचे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते; उलट १८१५ मध्ये नेपोलियन परतला तेव्हा पळणाऱ्या अठराव्या लुईच्या बंदोबस्तात हा घोडेस्वार म्हणून होता. पुढच्याच वर्षी, २ जुलै १८१६ रोजी, सेनेगलची वसाहत इंग्रजांकडून ताब्यात घेण्यासाठी निघालेली 'मेदूसा' ही फ्रेंच युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली. कप्तान शोमारे याने वीसहून अधिक वर्षे जहाज हाकलेले नव्हते. राजनिष्ठा एवढीच त्याची पात्रता. होड्या अपुऱ्या होत्या. त्यांत गव्हर्नर आणि वरिष्ठ बसले. उरलेल्या सुमारे दीडशे जणांसाठी डोलकाठ्या आणि फळ्या बांधून तराफा केला; होड्यांनी तो ओढत न्यायचा असे ठरले होते. लवकरच दोर सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी 'आर्गस' या जहाजाला तो तराफा सापडला तेव्हा त्यावर पंधरा माणसे जिवंत होती. मधल्या दिवसांत बंड, खून आणि नरमांसभक्षण, सर्व घडून गेले होते. शोमारेला शिक्षा झाली तीन वर्षांच्या तुरुंगवासाची.

वाचलेल्यांपैकी शल्यवैद्य साविन्यी आणि अभियंता कोरेआर यांनी १८१७ मध्ये हकिकत छापली. जेरिकोने ती वाचली आणि त्यांना शोधून काढले. तराफ्याच्या सुताराकडून नमुना करवून घेतला, इस्पितळातून प्रेतांचे अवयव आणून त्यांचे अभ्यास केले, आणि केस कापून स्वतःला कार्यशाळेत कोंडून घेतले. हा 'भावनाविवश' रोमँटिक चित्रकार! इतका पुराव्याचा, साक्षींचा, मोजमापांचा अभ्यास कोणत्या बुद्धिवाद्याने एका चित्रासाठी केला होता? सुमारे पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद असे ते चित्र १८१९ च्या प्रदर्शनात लागले. आजवर एवढ्या आकाराचा मान सम्राटांना, देवांना, रणांगणांना मिळत असे. येथे तो मिळाला सरकारने समुद्रात सोडून दिलेल्या खलाशांना आणि शिपायांना. प्रेतांपासून वर चढत जाणाऱ्या त्या मनोऱ्याच्या शिखरावर, दूरच्या जहाजाकडे फडके हलवणारा माणूस कृष्णवर्णीय आहे.

हा तपशील किरकोळ नव्हे. क्रांतीने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती, नेपोलियनने ती १८०२ मध्ये परत आणली, आणि 'मेदूसा' ज्या सेनेगलकडे निघाली होती तेथून गुलामांचा व्यापार चोरून चालूच होता. कोरेआर त्या व्यापाराचा विरोधक होता. जेरिकोच्या मनात पुढे गुलामांच्या व्यापारावरही मोठे चित्र करायचे होते. त्याचे आरेखन उरले आहे, चित्र झाले नाही. १८२४ मध्ये तो बत्तिसाव्या वर्षी वारला.

प्रदर्शनाच्या यादीत चित्राचे नाव नुसते 'जहाजफुटीचा प्रसंग' असे होते. जहाजाचे नाव कोणी उच्चारायचे नव्हते. पण पॅरिसमध्ये ते कोणाला सांगावे लागले नाही. सरकारने ते विकत घेतले नाही. जेरिको चित्र घेऊन १८२० मध्ये लंडनला गेला आणि तेथे तिकीट काढून सुमारे चाळीस हजार लोकांनी ते पाहिले. तेथील मुक्कामात त्याने रस्त्यावरचे भिकारी आणि ओझी ओढणारे घोडे शिळाछापावर उतरवले. राजमुकुटांच्या जागी हा मजकूर आला तो कोणत्याही समितीच्या आदेशाने नव्हे.

तराफ्यावर पालथ्या पडलेल्या एका देहासाठी जेरिकोचा तरुण मित्र अजेन देलाक्रवा मॉडेल म्हणून बसला होता. १८३० च्या जुलैतील तीन दिवसांच्या उठावानंतर त्यानेच 'जनतेचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता' रंगवली. तो स्वतः बॅरिकेडवर लढला नव्हता. लढलो नाही तर निदान रंगवीन, अशा अर्थाचे त्याने भावाला कळवले होते. चित्रात उंच टोपीवाला शहरी माणूस, तलवार घेतलेला कामगार, दोन पिस्तुले नाचवणारा पोरगा आणि पायाशी प्रेते, त्यांतल्या एकाच्या अंगावर धड वस्त्रही नाही. उठावाचे फळ मात्र नव्या राजाला, लुई-फिलिपला, मिळाले. त्याच्या सरकारने चित्र १८३१ मध्ये तीन हजार फ्रँकांना विकत घेतले, थोडे दिवस टांगले आणि मग नजरेआड केले. पुढे ते चित्रकाराकडे परत गेले आणि काही काळ त्याच्या मावशीच्या घरी होते. १८४८ च्या गणराज्यात ते थोडे दिवस पुन्हा लोकांसमोर आले आणि पुन्हा आत गेले. लूव्रमध्ये ते आले १८७४ मध्ये. बंदी घालण्यापेक्षा विकत घेणे अधिक परिणामकारक असते, हे त्या व्यापारी राजवटीला चांगले उमगले होते. देलाक्रवा तोवर पॅरिसच्या नगरपालिकेचा सभासद म्हणून दुसऱ्या साम्राज्याच्या काळात दहा वर्षे काढून वारलाही होता. माणूस व्यवस्थेत मुरला. चित्र मुरले नाही.

जर्मनीतल्या काही रोमँटिकांची भूमिका याहून वेगळी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मध्ययुगाची ओढ, मातीचा आणि रक्ताचा गूढ अभिमान तेथे होता आणि फ्रीड्रिखच्या धुक्यातल्या डोंगरांचा पुढे नाझींनी स्वतःसाठी वापरही केला. पण दाविदच्या रोमचाही वापर नेपोलियनने केला होता. शैली निरपराध असते किंवा अपराधी असते, असे नव्हे. ती हत्यारासारखी हाताळली जाते. कार्यकर्त्याने विचारायचे ते एवढेच की, चित्रकार कोणाच्या अंगणात उभा राहून पाहत होता, त्याने मध्यभागी कोणाला आणले आणि काय पुसून टाकले. मारातचे व्रण दाविदने पुसले. सम्राटाच्या गैरहजर आईला त्याने हजर केले. जेरिकोने तराफ्यावरचे काहीच पुसले नाही, आणि त्या एका चित्राने सत्तेला जेवढे अस्वस्थ केले तेवढे क्रांतीच्या सर्व नियोजित उत्सवांनी मिळूनही केले नसेल.

भव्य कॅनव्हास राजवाड्यात किंवा संग्रहालयातच मावतो, ही अडचण मात्र उरतेच. तिचे उत्तर स्वस्त छाप्याने दिले. १८३४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या त्रान्स्नोनँ रस्त्यावरील एका घरात सैनिक घुसले आणि त्यांनी आतल्या रहिवाशांना मारले. ओनोरे दोमियेने त्याचे शिळाछाप चित्र केले: पलंगाशेजारी कोसळलेला सदऱ्यातला माणूस आणि त्याच्या अंगाखाली चिरडलेले मूल. ना ध्वज, ना बॅरिकेड, ना देवता. हे चित्र ज्या मासिक मालेत निघाले ती वर्गणीवर चालत असे आणि वृत्तपत्रांवर बसणारे दंड भरण्यासाठी तिचा पैसा जाई. दुकानाच्या काचेपुढे गर्दी जमली. पोलिसांनी छापण्याची शिळा आणि हाती लागतील त्या प्रती जप्त केल्या. वर्गणीदारांच्या घरी पोचलेल्या प्रती मात्र त्यांना सगळ्या मिळाल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८३५ मध्ये, कोणतेही चित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी घेतली पाहिजे, असा कायदा करण्यात आला.